एकेचाळीस सुरुवाती

४ मार्च

ताईने चष्मा पोचवायला पाठवलं आणि मी गिटार वाजवून आलो! चष्मा पोचला, हे आधी लिहून ठेवतो. नाहीतर ताई म्हणेल, तेवढं एक काम सांगितलं होतं.

पत्ता एका लाँड्रीचा होता. म्हटलं कपडे धुवायला आलेल्या कुणाचा असेल. तर लाँड्री केव्हाच बंद पडलेली. आत पांढऱ्या फरशा, छताला कपडे टांगायची लोखंडी पट्टी आणि मधोमध एक आख्खा बँड. ड्रम, बास, कीबोर्ड. एका खुर्चीवर मात्र माणूसच नाही, नुसती गिटार टेकवून ठेवलेली. कीबोर्डवरच्या बाईंचा चष्मा. त्या तो घालून, काढून, परत घालून बघत होत्या, तोवर माझा हात गेलाच गिटारीकडे.

"हात धुतलेस?" बाईंनी विचारलं.

"हो." (खोटं.)

"मग वाजव."

दहा मिनिटं वाजवलं. ड्रमवाल्याने मधेच ठेका धरला, बास आत शिरला, मी पार हरवलो. मजा! निघताना बाई म्हणाल्या, "शनिवारी ये. बघू." चष्म्याबद्दल काही नाही. बहुतेक बसला असावा.

५ मार्च

ताईला सांगितलं. ती दुकानात चष्म्याची काच घासत होती. मशीन बंद न करताच म्हणाली, "हे कसलं संगीत नक्की?"

म्हटलं, जॅझ. पण विजेच्या गिटारीवर. त्यात रॉकचा दणका, शिवाय आणखी जे काही सापडेल ते. फ्यूजन म्हणतात.

"म्हणजे उरलंसुरलं सगळं एका भांड्यात."

वाईट नाही हे. बाईंना सांगायला हवं.

८ मार्च

आज सगळं कळलं. नीट लिहितो.

बँड बाईंचा. सगळं संगीत त्याच लिहितात. बास वाजवणारे त्यांच्या बहिणीचे यजमान, म्हणून बाई त्यांना भाऊजी म्हणतात, आणि त्यामुळे सगळं जग त्यांना भाऊजी म्हणतं. ड्रमवाला दिवसा लिफ्ट दुरुस्त करतो. त्याचं नाव घड्याळ. खुर्ची दादांची – वीस वर्षं इथे गिटार वाजवतायत. फेब्रुवारीत डाव्या मनगटाचं ऑपरेशन झालं.

बाईंनी अटी घातल्या, बोटं मोजत.

एक – दादा जूनच्या पहिल्या आठवड्यात परत येणार. तोवरच मी.

दोन – एक जूनला रेकॉर्डिंग. त्यात एक रचना माझी हवी. स्वतःची. पूर्ण. शेवटासकट.

तीन – ती जमली तर बँडमध्ये दोन गिटारी ठेवायचा विचार करतील. नाही जमली तर नमस्कार.

मी हो म्हणून टाकलं. तीन महिने म्हणजे काय, चुटकीसरशी. तीन महिन्यांपेक्षा जास्त मी कुठे टिकलोय तरी! फळांच्या गोदामात सात आठवडे, बोटीवर तिकिटं फाडायला अकरा, सिनेमाच्या मशीनवर नऊ. शाळेचं तर विचारूच नका.

आणखी एक गंमत. हा बँड प्रत्येक गोष्ट शेवटापासून बसवतो. आधी अगदी शेवटचा तुकडा वाजवायचा, तो पक्का झाला की त्याच्या आधीचा, मग त्याच्या आधीचा. कागदांवर आकडेही तसेच, पान एक म्हणजे शेवट. विचारलं, असं का? बाई म्हणाल्या, "घर कुठे आहे ते एकदा कळलं की मग कितीही भटका."

मी स्वरलिपी वाचतो ती पहिलीतलं पोर धडा वाचतं तशी, खाली बोट ठेवून. गिटार वाजवताना बोट कुठून आणू?

९ मार्च

माझ्या फोनमध्ये माझ्या रचना किती आहेत ते मोजलं. एकेचाळीस! छाती फुगली. मग ऐकल्या. एकेचाळीस सुरुवाती आहेत. वीस सेकंद, चाळीस सेकंद, फार तर सव्वा मिनिट. एकीलाही शेवट नाही. 'ओला बूट' तर मधेच बंद पडते, कारण तेव्हा बस आली होती.

ताईला म्हटलं, सगळं आहे गं, फक्त संपलेलं काही नाही.

"तू आजवर टूथपेस्ट सोडून काही संपवलंयस?"

ती पण ताईच विकत आणते.

१५ मार्च

बाईंची बहुतेक गाणी सातात असतात. सात मोजायचे की परत एक. मला सवय आठाची. माझा एक ठोका कायम लोंबकळत राहतो. घड्याळ म्हणाला, "आठवा शेजाऱ्याचा समज. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही."

१६ मार्च

सातात मोजत कांदा चिरला. बोट कापलं. आठव्याला.

१८ मार्च

दादांशी ओळख झाली. म्हणजे त्यांच्या आवाजाशी. दर मंगळवारी बाई त्यांना फोन लावतात आणि फोन गिटारीच्या अँपवर ठेवून देतात. दादा घरी बसून आख्खी तालीम ऐकतात. तालीम संपली की एकेकाची हजेरी.

"भाऊजी, दुसऱ्यात झोपला होता काय? – घड्याळ, छान. – आणि ते पाहुणे कुठायत?"

पाहुणे म्हणजे मी. आता सगळेच तसं म्हणतात.

"पाहुणे, फार बोलता तुम्ही. गिटारीवर म्हणतोय. श्वास घ्या की जरा. गप्प बसणंही वाजवण्यातच धरतात."

मी विचारलं, हात कसा आहे?

"फस्क्लास! काल दार उघडलं. पंधरवड्यात बरणी उघडतो. येतोच आहे मी, तोवर खुर्ची गरम ठेवा."

मला आवडला हा माणूस. ज्याची जागा आपण बळकावून बसलोय त्याने इतकं चांगलं वागू नये खरं तर.

२९ मार्च

पहिला कार्यक्रम! हार्डवेअरच्या दुकानामागचा छोटा हॉल. माणसं एकतीस, त्यात ताई एक. तिसऱ्या गाण्यात शेजाऱ्याच्या ठोक्याला हात लावलाच. सगळा बँड एकीकडे, मी दुसरीकडे, मध्ये रस्ता. घड्याळाने जाताजाता झांजेवर एक असा ठोका दिला – जणू कॉलर धरून आत ओढलं. लोकांना कळलंही नाही. बाईंना कळलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

ताई घरी येताना म्हणाली, "तू हरवलास तेव्हा हसत होतास."

हसत होतो? मला वाटलं मी मरत होतो.

६ एप्रिल

आज ठरवून शेवट लिहायला बसलो. बेचाळिसावी सुरुवात झाली.

७ एप्रिल

त्रेचाळिसावी. ही मात्र फारच छान आहे.

१२ एप्रिल

तारा आणायला निघालो. वाटेत एक माणूस रस्त्यावर पांढरे पट्टे मारत होता. ढकलगाडीसारखं यंत्र, खाली रंगाची नळी. इतकी सरळ रेघ! बाजूने चालत राहिलो. त्याचा मुकादम तीनदा ओरडला, तरी तो माझ्याशी बोलत होता. विचारलं, थांबायचं कुठे हे कसं कळतं?

"रंग संपला की."

तारा राहिल्या. दुकान बंद झालं होतं.

२२ एप्रिल

बाईंना पाच सुरुवाती ऐकवल्या. त्यांनी डोळे मिटून ऐकल्या. आशा वाटली. मग म्हणाल्या, "पाच दारं दाखवलीस. खोली कुठंय?"

फोनमधून दादा – "दारं चांगली आहेत हो पण. मी उघडून पाहिली."

६ मे

आज श्वास घेतला! खरंच. बाईंच्या संथ गाण्यात मी एक ओळ वाजवली आणि थांबलो. काहीच केलं नाही. त्या मोकळ्या जागेत भाऊजींचा बास असा काही घुमला – फरशांवरून, छताच्या पट्टीवरून. इतके दिवस तो तिथेच होता आणि मी त्याच्यावर बडबडत होतो.

तालीम संपल्यावर दादांनी आधी बाकीच्यांची हजेरी घेतली. मग, "पाहुणे, आज जेवायला या असं म्हणावंसं वाटलं." पण बोलावलं नाही. कधीच बोलावत नाहीत.

१३ मे

बाईंना म्हटलं, दोन आठवडे वाढवून द्या.

"तारीख हलत नाही."

"का पण?"

"तिला पाय नाहीत. तुला आहेत, तू हल."

१७ मे

बोटीवरच्या जुन्या दोस्ताचा फोन. मोठ्या प्रवासी जहाजावर काम आहे, लाउंजमध्ये गिटार वाजवायची. लोकांना माहीत असलेलीच गाणी. अठ्ठावीसला निघायचं. किती महिने फिरवतील सांगता येत नाही म्हणे. समुद्र! रोज नवीन बंदर! शेवट वगैरे कुणी विचारणार नाही.

"कळवतो" म्हटलं. पण खरं सांगायचं तर पाय आतल्या आत चालायलाच लागले.

१८ मे

ताईने पकडलं. मी तिच्या दुकानातल्या संगणकावर बंदराकडे जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा पाहत होतो. ती मागे उभी होती, हातात कुणाच्या तरी चष्म्याची दांडी.

नेहमीसारखी ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडली नाही. स्टूल ओढून बसली आणि दांडीचा स्क्रू घट्ट करत राहिली.

"तू गेलास की लोक मला विचारतात. शाळेच्या वेळेला विचारलं, गोदामाच्या वेळेला विचारलं. मी म्हणते, येईल. दर वेळी म्हणते, येईल. या वेळेला त्या बाईंना काय सांगू?"

म्हटलं, स्क्रू उलटा फिरवतेयस.

"माझं काम मला शिकवू नकोस," म्हणाली. पण उलटाच फिरवत होती.

२३ मे

ठरवलं. जायचं नाही. निदान एक जूनपर्यंत नाही. दोस्ताला कळवलं. तो म्हणाला, "तू? नाही म्हणतोस? ताप आहे का?"

पण शेवट नाही तो नाहीच.

२४ मे

जे आहे ते देऊन टाकायचं. त्यातल्या त्यात बऱ्या पाच सुरुवाती काढल्या, पाच कागदांवर माझ्या कोंबडीच्या पायांनी उतरवल्या, एकीतून दुसरीत जायला छोटे छोटे पूल टाकले. सगळ्यात आधी माझी सगळ्यात जुनी – शाळा सोडली त्या दिवशी ताईच्या दुकानाच्या पायरीवर बसून केली होती. चार स्वर आणि मग थोडी मोकळी जागा. बस. कागदांवर आकडे घातले, एक ते पाच. पाचव्याच्या पुढे काही नाही. तिथे गाणं सरळ कड्यावरून खाली.

भाऊजींना नेऊन दिलं. बँडच्या नकला तेच काढतात, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी विचारलं, "पूर्ण आहे ना?"

म्हटलं, आहे. (खोटं.) मंगळवारी तालमीत खरं काय ते सांगून टाकीन.

२७ मे

आज घोळ झाला. चांगल्या अर्थाने!

आधी कबुली – तालमीला एक तास दहा मिनिटं उशीर. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक कपाट दोरांनी खाली उतरवत होते. खाली चार जण, वर दोन, आणि सगळे एकाच वेळी हुकूम सोडतायत. दुसऱ्या मजल्यापाशी कपाटाचं दार उघडलं आणि आतून एक टोपी खाली आली. असं टाकून जाता येतं का कुणाला?

आणि खरं म्हणजे तालमीत खरं सांगायची हिंमत होत नव्हती. कपाट हे निमित्त.

लाँड्रीच्या बोळात पोचलो तर आतून आवाज. माझंच गाणं. पण काहीतरी वेगळं. दाराशी उभा राहिलो. आधी माझी पाचवी सुरुवात आली, ती धावती. मग चौथी. मग तिसरी. मला कळेना, हे चाललंय काय! दुसरी संपली, घड्याळ हळू झाला, आणि मग पहिली आली. पायरीवरचे चार स्वर, गिटार नव्हती म्हणून बाईच कीबोर्डवर वाजवत होत्या. मग मोकळी जागा. घड्याळाने ती तशीच मोकळी ठेवली. परत चार स्वर, परत जागा. आणि थांबले.

सुरुवातीला ठेवली होती तेव्हा ती नुसती उतावीळ वाटायची. तिथे, इतकी धावपळ होऊन गेल्यावर, ती – कसं सांगू – चप्पल काढून कुणीतरी खाली बसल्यासारखी वाटली.

मला झालेला घोटाळा कळला. मी साध्या माणसासारखे आकडे घातले होते, एक म्हणजे सुरुवात. भाऊजींनी बँडच्या रीतीप्रमाणे वाचले, एक म्हणजे शेवट. जी रीत मला पहिल्याच शनिवारी सांगितली होती! तासभर ते माझं गाणं उलट्या क्रमाने बसवत होते आणि कुणाला काही खटकलं नव्हतं.

गप्प बसलो असतो तर चाललं असतं. पण आत गेलो आणि तोंडातून निघालंच, "बाई, पानं उलटी लागलीयत. आणि शेवट नाहीये. मी खोटं बोललो."

भाऊजी लाल. "पान एक म्हणजे शेवट! तीन महिने काय झोपा काढल्यास? माझा आख्खा रविवार गेला त्या कोंबडीच्या पायांत!"

घड्याळ हसायला लागला तो ड्रमवर आडवाच.

बाईंनी पाचही पानं हातात घेतली. खालून वर पाहिली, वरून खाली पाहिली. "उलटी कुणाची? आमची तर सरळ आहेत."

आणि अँपवरचा फोन ओरडला – विसरलोच होतो आज मंगळवार आहे ते! "हात लावू नका त्याला कुणी! पाहुणे, हात लावलात तर बघा! आहे तसं राहू द्या!"

मग आम्ही ते चार वेळा वाजवलं. शेवटी मी वाजवायचं, एकट्याने. चार स्वर. श्वास. चार स्वर.

२८ मे

जहाज सुटलं असेल. सकाळी आठवलं, मग दुपारी जेवताना विसरलो.

१ जून

झालं!

स्टुडिओ म्हणजे गालिचा भिंतीवर लावलेली खोली. जमिनीवर नाही, भिंतीवर! रेकॉर्डिंगवाला काचेपलीकडे, तोंडात पेन्सिल. बाईंची सहा गाणी आधी झाली. मग माझं. पहिल्यांदा घड्याळाची काठी तुटली. दुसऱ्यांदा मी फार गोड वाजवलं, मलाच किळस आली. तिसऱ्यांदा – आता काय सांगू. सात मोजले नाहीत. मोजायची आठवणच झाली नाही. शेवटचे चार स्वर वाजवले आणि तार आपोआप विझेपर्यंत कुणी हललं नाही. काचेपलीकडच्याने पेन्सिल तोंडातून काढली.

बाई म्हणाल्या, "हं."

भाऊजींनी कानात सांगितलं, बाईंनी मागचा "हं" आठ वर्षांपूर्वी म्हटला होता.

दोन गिटारींचं विचारायला धीर होईना. जाताना त्याच म्हणाल्या, "परवा सहाला. दादा येतोय. वेळेवर ये."

घरी आलो तर ताई दुकान बंद करून पायरीवर बसलेली. "संपलं?" म्हटलं, संपलं. ती मान हलवत राहिली. मग डोळे पुसले आणि म्हणाली, काचेची भुकटी गेली.

२ जून

दिवसभर दुसरी गिटार कशी वाजवायची याचा सराव. पहिली दादांची. मी खालून, हळू, त्यांच्या पाठीमागे. रेकॉर्डिंगमधल्या प्रत्येक गाण्यासाठी एक छोटीशी साथ बसवली. सात गाणी, सातही पूर्ण. दादांनी मला ठेवायला हो म्हणावं, एवढंच. बाकी काही नको.

३ जून

वेळेवर गेलो. दादा आले. वाटलं होतं त्याहून बुटके. डावा हात खिशात, तो शेवटपर्यंत बाहेर आला नाही. मी खुर्चीवरून उठलो, तर म्हणाले, "बसा हो." मग सांगितलं. हात परत येणार नाही, हे डॉक्टरांनी फेब्रुवारीतच सांगितलं होतं. सगळ्यांना माहीत होतं. बाईंना, भाऊजींना, घड्याळाला. विचारलं, मग दर मंगळवारी येतो येतो का म्हणत होतात? तर म्हणाले, "तुमच्या ताईंनी बाईंना पहिल्याच आठवड्यात फोन केला होता. खुर्ची कायमची म्हणू नका, म्हणाल्या, पळेल."

मी उठलो. बाहेर पडलो. कोपऱ्यापर्यंत गेलो.

परत आलो. भाऊजी अजून बास सुरात लावत होते. कुणी मान वर करून पाहिलंही नाही.